सव्वातीन मीटर

पडद्यावरचा नावाडी बुडाला आणि त्याच क्षणी लिफ्टवाल्याचं डोकं मास्टरच्या डाव्या खांद्यावर येऊन पडलं. दोन्ही गोष्टी इतक्या एकदम झाल्या की आपण नक्की कशाने दचकलो हे मास्टरचं मास्टरलाच कळलं नाही. दुपारच्या खेळाला हॉल बऱ्यापैकी भरलेला होता. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक शिंकरत होतं, मागे कोणाचा तरी हुंदका घशात अडकला होता, आणि एवढी सगळी माणसं पाण्यात गेलेल्या नावाड्यासाठी हळहळत असताना लिफ्टवाला मात्र तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याच्या केसांना साबणाचा वास येत होता, आणि त्याखाली कितीही धुतलं तरी न जाणारा ग्रीसचा. हा वास मास्टरच्या उशीच्या अभ्र्यालाही येतो. पण उशी घरात असते. इथे दीडदोनशे माणसं होती, आणि गेल्या बावीस वर्षांत चारचौघांत हे डोकं या खांद्यावर कधीही आलेलं नव्हतं. बसमध्ये शेजारीशेजारी बसले तरी दोघांच्या मध्ये वीतभर जागा राहायची. ती कोणी ठरवलेली नव्हती, बसल्याबरोबर आपोआप पडायची. मास्टर ताठ झाला. कोपराने एक ढुशी दिली असती तर काम भागलं असतं. पण दोन्ही हात मांडीवरच्या पार्सलवर होते आणि त्यातला एक उचलायचा की नाही, याचा निकाल काही लागेना.

इथे येण्याची कल्पना लिफ्टवाल्याची. कल्पना म्हणजे काय, या थिएटरची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये रुसून बसायची, लिफ्टवाल्याने दोन दिवस खपून ती वळणावर आणली, आणि मॅनेजरने खूश होऊन बुधवारच्या दुपारचे दोन पास त्याच्या हातावर ठेवले. सिनेमा कुठला, हे विचारायचं लिफ्टवाल्याला सुचलं नाही. लिफ्ट सोडून दुसऱ्या कशाबद्दल प्रश्न विचारायचे असतात हे त्याला एरवीही सुचत नाही. सिनेमा निघाला जुन्या काळातला. नदीवर पूल बांधायला आलेला एक इंजिनिअर, आणि पूल उभा राहिला की ज्याची होडी कायमची काठाला लागणार तो नावाडी. पहिली दहा मिनिटं लिफ्टवाला पुलाचे दोरखंड बघत होता आणि मास्टर कपडे बघत होता, कारण मास्टर शिंपी आहे आणि सिनेमा कुठलाही असला तरी त्याला आधी शिवण दिसते. मग होडीतून उतरताना इंजिनिअरने नावाड्याचा हात धरला आणि सोडायला जरा जास्त वेळ लावला. लिफ्टवाला कुजबुजला, "अरे, हे दोघं..." "कळलं मला, गप्प बस," मास्टर म्हणाला, आणि दोघंही शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखे सरळ बसले. इकडेतिकडे बघायची सोय नव्हती. आपल्या घरातली कुठलीतरी कपाटाच्या तळाशी ठेवलेली वस्तू कोणीतरी भर चौकात मांडली आहे आणि माणसं रांग लावून ती बघताहेत, असं मास्टरला झालं. मध्यंतरात लिफ्टवाल्याने शेंगदाणे फोडत जाहीर केलं, "यातला एक मरणार. बघ तू. या असल्या गोष्टीत एकाला मारल्याशिवाय यांचं भागत नाही." आणि कोण मरतो हे बघायला न थांबता तो झोपून गेला.

मांडीवरच्या पार्सलमध्ये सव्वातीन मीटर कापड होतं. सिनेमा सुटला की वाटेत कुरियरच्या ऑफिसात ते टाकायचं आणि ताईकडे परत पाठवायचं, असा बेत होता. ताई म्हणजे मास्टरची सख्खी थोरली बहीण, बसने पाच तासांवर असते. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ताईने गडद निळ्या कापडाचा अख्खा गठ्ठा पाठवला आणि फोनवर सांगितलं, "धाकट्या, घरातल्या सगळ्या पुरुषांचे सूट एकाच कापडाचे हवेत. फोटोत बरं दिसतं. मापं तुझ्याकडे आहेतच." मास्टरने बोटांवर मोजले. मेहुणे, मेहुण्यांचे दोन भाऊ, ताईचे दोन मुलगे, थोरला जावई आणि आपण स्वतः. सात. कापड निघालं सव्वीस मीटर. एका सुटाला सव्वातीन धरले तर साताला पावणेतेवीस, म्हणजे ताईने जास्तच पाठवलं. वय झालं तिचं, मास्टरने मनात म्हटलं, शिवाय तीन वर्षांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याने सात सूट शिवले, इस्त्री करून टांगले, आणि उरलेलं कापड घडी घालून बांधलं. गिऱ्हाइकाचं कापड शिंप्याने ठेवायचं नाही, हातभर तुकडा उरला तरी कपड्याबरोबर परत द्यायचा, हा वडिलांचा नियम. दुकानही वडिलांचंच होतं, आणि नियम दुकानाबरोबर आले होते.

लग्नाला मास्टर एकटा जाणार होता. त्यात नवीन काही नव्हतं. थोरल्या भाचीच्या लग्नाला एकटा, भाच्याच्या लग्नाला एकटा, मेहुण्यांच्या साठीला एकटा. प्रत्येक वेळी लिफ्टवाला बसपर्यंत सोडायला यायचा, खिडकीशी उभा राहून पाण्याची बाटली द्यायचा, आणि तिसऱ्या दिवशी तिथेच घ्यायला उभा असायचा. यंदा मास्टरने एकदा विषय काढून बघितला होता. "येतोस का?" "मी कोण म्हणून येऊ?" लिफ्टवाला म्हणाला, तेही अगदी सहज, चहात साखर किती विचारावी तसं. त्याला रागही नव्हता आणि खंतही दाखवायची नव्हती.  बिल्डिंगमध्ये या प्रश्नाला उत्तर होतं, मास्टरचा भाडेकरू. दुकानात उत्तर होतं, जुनं गिऱ्हाईक. लग्नात पाचशे माणसांपुढे भाडेकरू घेऊन कोण जातं? ताईच्या घरच्या सगळ्या फोटोंत मास्टर कडेला उभा आहे आणि त्याच्या बाजूला एका माणसाएवढी जागा रिकामी आहे. फोटोग्राफर दरवेळी ओरडतो, "काका, जरा आत सरका." मास्टर सरकतो, पण जागा काही भरत नाही.

आता ढुशी द्यायला हवी, असं ठरवून त्याने कोपर उचललं, तेवढ्यात उजवीकडून कोणीतरी अलगद त्याच्या बाहीला हात लावला. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक बाई होत्या. डोळे पुसून पुसून त्यांचा चष्मा धुरकट झाला होता. "उठवू नका हो," त्या हळूच म्हणाल्या. "आमचेसुद्धा असेच झोपायचे. सिनेमा कुठलाही असो." आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागल्या. मास्टरचं कोपर तिथेच राहिलं. आमचेसुद्धा. बाईंनी काही विचारलं नव्हतं, भुवई उचलली नव्हती, मोठं मन करून बोलल्याचा आवही आणला नव्हता. मान वळवून एकदा बघितलं आणि माप न घेताच बरोबर बेतून मोकळ्या झाल्या. मास्टरने आयुष्यभर या क्षणाची भीती बाळगली होती. कोणीतरी बघेल, कोणाला तरी कळेल, आणि मग काय होईल ते होईल. आता बघितलं होतं, कळलं होतं, आणि झालं एवढंच होतं की त्याला उठवू नका म्हणून सांगितलं गेलं. छातीत काहीतरी ढिलं पडल्यासारखं वाटलं, नव्या कोटाच्या आतला कच्चा दोरा एका टोकाने ओढला की सगळा सरसर निघून येतो तसं. त्याने खांदा जरा खाली केला. डोकं नीट बसलं. लिफ्टवाल्याने झोपेतच घसा साफ केला आणि तो एकदाच घोरला, मोठ्याने, अगदी नावाड्याची उलटलेली होडी काठाला लागत असताना.

माप घेताना शिंपी माणसाला हात लावतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. बावीस वर्षांपूर्वी लिफ्टवाला दुकानात आला तो कामाच्या पॅंटला स्क्रूड्रायव्हरसाठी जादा खिसा लावून घ्यायला. जिना न चढता तिसऱ्या मजल्यावर कसं जायचं यावर आयुष्य काढणारा माणूस, पण दुकानाच्या तीन पायऱ्यांना ठेचकाळला. मास्टर पस्तिशीचा, तो अठ्ठावीसचा. खिशासाठी माप लागत नाही. तरी मास्टरने टेप काढली. छाती छत्तीस, कंबर तीस. "श्वास सोडा," मास्टर सवयीने म्हणाला, कारण कंबरेला टेप लागली की गिऱ्हाइकं पोट आत ओढतात. "सोडलाय की," तो म्हणाला, "आहे ते एवढंच आहे." मापाच्या वहीत त्याचा नंबर दोनशे चौदा. वही उघडली तर त्या पानावर एकाखाली एक बावीस ओळी आहेत, दरवर्षी एक. तीस, तीस, साडेतीस. मग मास्टरच्या खोलीवर राहायला आला त्या वर्षी एकदम बत्तीस. पायाला प्लास्टर घालून घरी बसला त्या वर्षी चौतीस. ऑपरेशन झालेली ताई तीन आठवडे राहून गेली तेव्हा छत्तीस, कारण ती एक डोळा बांधलेला असतानाही त्याला जेवताना आग्रह करायची. गेल्या वर्षी साडेअडतीस. छाती वाढली, मान वाढली, आणि उजवा खांदा अवजारांची पिशवी वाहून अर्धा इंच खाली आला. दोघांनी एकमेकांना कधी पत्रं लिहिली नाहीत, एकाच घरात राहणारी माणसं कशाला लिहितील. लेखी असं काही असेल तर ते हे पान.

वडिलांचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या अंगाची खोड तोंडाने बोलायची नाही. कोणाला बाक असतो, कोणाचा एक हात आखूड असतो, कोणाचं पोट डावीकडे कललेलं असतं. माणूस आरशात बघत असताना त्याला ते सांगायचं नाही, वहीत बारीक खूण करायची, आणि मग काय ते कापडात भागवायचं. लहानपणी वडील माप सांगायचे आणि ताई वहीत उतरवायची, शाळेची वेणी पाठीवर टाकून, मान वर न करता. वडील गप्प झाले की ती समजून खूण करायची. कापडाचा हिशेबही तिचाच. दहा वर्षांची असताना ती गठ्ठ्यावर नुसता हात फिरवून सांगायची, यात चार कोट आणि एक जाकीट. वडील जवळच्या माणसांना कौतुकाने सांगत, आमच्या मुलीच्या हिशेबात बोटभर चिंधी उरत नाही. धाकट्याच्या वाट्याला फक्त कात्री आली. तीन वर्षांपूर्वी डोळा बरा होऊन ती परत निघाली तेव्हा बसच्या खिडकीतून तिने मास्टरला जवळ बोलावलं. तीन आठवडे लिफ्टवाल्याने तिला सकाळी पेपर वाचून दाखवला होता, छोट्या जाहिरातींसकट, आणि प्रत्येक हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीवर दोघांनी चर्चा केली होती. मास्टरला वाटलं, आता ती काहीतरी विचारणार.  ताई म्हणाली, "त्या गृहस्थांचा उजवा खांदा उतरलाय रे. दिसलं नाही तुला?" "दिसलं." "मग पॅड घालत जा." बस सुटली. सुटलो एकदाचे, असं मास्टरला तेव्हा वाटलं होतं.

पडद्यावर दरम्यान बरीच वर्षं उलटली होती. इंजिनिअर पिकला होता. नावाड्याचं शव कधी मिळालं नव्हतं, नुसती उलटलेली होडी मिळाली होती. आणि इंजिनिअरने नावाड्यासाठी हौसेने शिवून घेतलेला तपकिरी कोट त्याच्या अंगातच होता, तोही त्याच्याबरोबर गेला होता. तर आता भर बाजारात इंजिनिअरला तोच कोट एका परक्या माणसाच्या पाठीवर दिसतो. इंजिनिअर त्याच्यामागे चालू लागतो. एक गल्ली, दुसरी गल्ली. व्हायोलिन वाजू लागतं. हॉलमध्ये रुमाल निघाले. शेजारच्या बाईंच्या खांद्यांना कंप सुटला. मास्टरलाही गहिवरून येणारच होतं, सगळी तयारी झाली होती, आणि तेवढ्यात त्या परक्या माणसाने हात वर केला. बाहीला चार बटणं होती. मास्टर पुढे वाकला, खांद्यावरचं डोकं सांभाळून. पहिल्या अर्ध्या तासात त्या कोटाची ट्रायल त्याने श्वास रोखून बघितली होती. बाहीला तीन बटणं होती, आणि छातीचा खिसा तिरका होता. हा खिसा सरळ. कॉलरही दुसऱ्याच हाताची. हा तो कोटच नव्हता. सिनेमावाल्यांच्या शिंप्याने दुसरा कोट शिवताना पहिला समोर ठेवलाच नव्हता, गाढवाने.

म्हणजे हा बिचारा इंजिनिअर भलत्याच माणसाच्या भलत्याच कोटामागे रडत चालला आहे. मास्टरला आधी शिंप्याचा राग आला, मग एकदम दुसरंच सुचलं. तो कोट जर हा नसेल, तर तो कोट अजून नावाड्याच्या अंगातच असेल. शव कुठे दाखवलं होतं? आणि नावाडी तो, त्याला पोहता येत नाही असं कसं होईल? उलटली असेल होडी, गेला असेल वाहत दहा मैल खाली, लागला असेल कुठल्यातरी काठाला. कंबर वाढली असेल एव्हाना. तीसची साडेअडतीस झाली असेल, कोटाची बटणं लागत नसतील, आणि दुपारच्या वेळी फुकटच्या पासावर कुठल्यातरी थिएटरात बसून तो ढाराढूर झोपला असेल. गोष्टीत त्याला तिशीच्या कंबरेतच मारून टाकला होता, कारण गोष्टीला पुढची मापं घ्यायची तसदी नको होती. पण मास्टरने घेतली होती. एकही वर्ष न चुकता घेतली होती. हे कळलं आणि मास्टरला हसू फुटलं. त्याने ओठ घट्ट मिटले. हसू नाकातून निघालं. सगळा हॉल रडत असताना तो पार्सल छातीशी धरून गदगदत होता आणि खांद्यावरचं डोकं त्याच्याबरोबर हलत होतं. शेजारच्या बाईंनी न बघताच आपला घडी घातलेला रुमाल त्याच्या हातात सरकवला. तो त्याने तोंडावर दाबला. डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे खोटं असं काही झालं नाही.

दिवे लागले तेव्हा लिफ्टवाला जागा झाला. डोकं कुठे होतं हे त्याला कळलं आणि तो झटकन बाजूला झाला, वीतभर. मग त्याने आजूबाजूला बघितलं. कोणी बघत नव्हतं. सगळे आपापलं नाक पुसत होते. बाई उठल्या, रुमाल परत घेतला नाही, नुसत्या म्हणाल्या, "मानेखाली छोटी उशी आणत जा. आम्ही आणायचो." लिफ्टवाला आ वासून बघत राहिला. "कोण होत्या?" "ओळखीच्या," मास्टर म्हणाला. जिन्याने उतरताना लिफ्टवाला म्हणाला, "छान होता सिनेमा." "तू बघितलास कुठे?" "निम्मा बघितला. कोण मेला?" "कोणी नाही मेलं. कोट चुकला." "काय चुकला?" मास्टरला पुन्हा हसू आलं, इतकं की जिन्याचा कठडा धरावा लागला, आणि त्याला हसताना बघून काहीच न कळता लिफ्टवालाही हसत सुटला. त्यांच्या मागून डोळे सुजवून उतरणारी दोन पोरं चकित होऊन बाजूने गेली.

कुरियरचं ऑफिस सहाला बंद होतं. ते पोचले तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं आणि कारकून टोपी घालून तयार होता. "द्या लवकर," तो म्हणाला, "आत काय आहे ते इथे लिहा." मास्टरने पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, उरलेलं कापड. लिहून झालं आणि त्याचं त्यालाच ते विचित्र दिसलं. ताईच्या हिशेबातून उरलेलं कापड. पेन तिथेच थांबलं. दोन महिन्यांतले फोन त्याच्या कानात एकामागून एक वाजायला लागले. कापड पुरलं का, असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो ऐटीत म्हणाला होता, पुरून उरलं, सव्वातीन मीटर. ताईने पुन्हा विचारलं होतं, "उरलं?" "हो." "नीट मोजलंस?" त्याला रागच आला होता. पस्तीस वर्षं कात्री चालवणाऱ्याला असं विचारतात का? "बघ बाबा," ती म्हणाली होती, "तुझं तूच मोज." पुढच्या आठवड्यात, "ते तसंच ठेवू नकोस, कसर लागेल." परवा तर चक्क चिडली होती. "परत पाठवू नकोस म्हणजे नकोस. मी काय करू त्याचं इथे?" सव्वातीन. ना तीन, ना साडेतीन. दहाव्या वर्षी गठ्ठ्यावर हात फिरवून हिशेब सांगणारी बाई एक अख्खा सूट चुकून जास्त पाठवत नाही. ती काही बोलली नव्हती, कारण त्यांच्या घरात बोलत नाहीत. तिने कापडात भागवलं होतं. आणि शिंप्याच्या पोटी जन्मलेला, त्याच दुकानात हाडं झिजवलेला तिचा भाऊ नियमाला धरून ते परत करायला निघाला होता.

"काका, बंद करायचंय," कारकून म्हणाला. "राहू दे," मास्टर म्हणाला. "जायचं नाहीये हे कुठे." त्याने फॉर्म फाडला, पार्सल काखेत मारलं आणि इतक्या झपाट्याने चालायला लागला की लिफ्टवाल्याला मागे पळावं लागलं. "अरे झालं काय? आज तुला झालंय काय?" मास्टर चालतच राहिला. बोलला असता तर रस्त्यातच रडला असता, आणि बाईंचा रुमाल आधीच भिजलेला होता. शिवाय भीतीही होतीच. चुकलो असलो तर? खरंच ताईचा हिशेब चुकला असला, म्हातारपणाने, डोळ्याने, तर पाचशे माणसांपुढे निळ्या सुटातला हा आठवा माणूस घेऊन कुठे तोंड लपवायचं?

दुकान उघडून त्याने पुढचा दिवा लावला, कापायच्या पाटावर कापड पसरलं आणि वही काढली. "हो पुढे. माप घ्यायचंय." "गेल्याच वर्षी घेतलंस की." "कंबर बघू." लिफ्टवाल्याने पोट आत ओढलं. "श्वास सोड." "सोडलाय." "बावीस वर्षं खोटं बोलतोयस. सोड." साडेएकोणचाळीस. मास्टरने आकडा लिहिला आणि तो बघून त्याला इतका आनंद झाला की तो त्याने अधोरेखित केला. एक इंच. एका वर्षात पुरता एक इंच. त्याने खडूने पॅंट आखली. लिफ्टवाला आता कापडाकडे नीट बघत होता. टांगलेल्या सात सुटांकडे बघत होता, आणि पुन्हा कापडाकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "हे तर त्यातलंच आहे," तो म्हणाला. "हो." "ताईंना विचारलंस?" "कापून झाल्यावर विचारतो." "आणि नाही म्हणाल्या तर?" "तर तुला एक पॅंट झाली." "मास्टर, चेष्टा करू नकोस. मी कोण म्हणून..." "घरातला पुरुष म्हणून," मास्टर म्हणाला. "तिने तसंच सांगितलं होतं. घरातल्या सगळ्या पुरुषांचे. मीच सात मोजले." आणि त्याने कात्री चालवली. एकदा कात्री लागली की कापड परत जात नाही, हे कुठल्याही शिंप्याला सांगावं लागत नाही. लांबलचक, सरळ, न थांबता कापत गेला.  

"हात पसर," तो म्हणाला. लिफ्टवाल्याने दोन्ही हात आडवे केले. मास्टरने छाती घेतली, पाठ घेतली, आणि टेप गळ्यात तशीच टाकून फोन लावला. चार वेळा वाजला. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"ताई, कापड संपलं."

भांडी थांबली. "सगळं?"

"सगळं. चिंधीसुद्धा नाही उरली." कोटाचं कापड अजून पाटावर अख्खं होतं, पण ते त्याने आता संपल्यातच धरलं होतं.

 नुसता नळ वाहताना ऐकू येत होता, आणि मग तोही तिने बंद केला. मास्टरने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आठ मोजायला तुला दोन महिने लागले, धाकट्या," ताई म्हणाली. आवाज जरा घोगरा झाला होता. मग तिने खाकरून तो नेहमीसारखा केला. "आणि त्यांच्या उजव्या खांद्याला पॅड घालतोयस ना?"

मास्टरने मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे त्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं, आणि तोवर लिफ्टवाला तसाच उभा होता, दोन्ही हात पसरून, एक खांदा अर्धा इंच खाली.

"आता हात खाली घेऊ का?" त्याने विचारलं.